उसळी मोजणारे काका

आमच्या ह्यूस्टनच्या काकांपुढे कुठलीही गोष्ट नुसती 'बरी' म्हणायची सोय नाही. बरी म्हणजे किती, हा प्रश्न तयार असतो. मंडळाच्या गणेशोत्सवात कोणीतरी मसालेभात जरा खारट आहे म्हणालं, तर काका आचाऱ्याकडे जाऊन किलोमागे मीठ किती घातलं याची चौकशी करत बसले. तोवर भात संपला. उभी हयात एका तेलकंपनीत पाइपांतला दाब मोजण्यात गेलेली. निवृत्तीनंतर मोजायला पाइप उरले नाहीत, तेव्हा त्यांनी बारा बोअरची शॉटगन घेतली.

टेक्सासात याचं कोणाला नवल नाही. नवल वाटलं ते काकीला, कारण या माणसाने आजवर घरात उंदराचा पिंजराही लावला नव्हता. काकांचं म्हणणं, रक्तातच आहे. कोकणात त्यांच्या आजोबांकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक होती. बार काढला की डुक्कर पळायचं आणि आजोबा दोन पावलं मागे जायचे. त्या दोन पावलांची लांबी कोणी नोंदवून ठेवली नाही, याचं काकांना आजही वाईट वाटतं.

रेंजवर पहिला बार काढला तेव्हा खांद्याला दणका बसला आणि नळी आभाळाकडे गेली. दुसरा कोणी खांदा चोळत बसला असता. काकांनी शेजारच्याला विचारलं, "किती वर गेली?" त्या बिचाऱ्याने हाताने अंदाजे दाखवलं. अंदाजे! काका त्या रात्री झोपले नाहीत.

उसळीचं कारण साधं आहे. धक्का येतो नळीच्या रेषेत सरळ मागे, पण दस्ता खांद्याला टेकतो त्या रेषेच्या खाली. मग बंदूक टेकूभोवती फिरते आणि तोंड वर जातं. यावर बाजारातला इलाज म्हणजे मझल ब्रेक, नळीच्या तोंडाशी बसवायचं भोकाभोकांचं नळकांडं. छर्ऱ्यांच्या मागून सुटणारा वायू त्या भोकांतून बाजूला किंवा वर फेकला जातो आणि त्याच्या रेट्याने धक्का किंवा उसळी कमी होते. निदान जाहिरातीत तरी होते. जाहिरात वाचून वस्तू घेणारे आपण. काका वस्तू घेतात ती जाहिरात खोटी पाडायला.

आधी कागद. काकांनी जेवणाच्या टेबलावर एक काडतूस कापून उघडलं आणि काकीच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर भागाभागाने तोललं. छर्रे 32 ग्रॅम, दारू जेमतेम सव्वा ग्रॅम. "बघ," मला म्हणाले, "ब्रेकचा हात पोचतो तो फक्त वायूपर्यंत. तो वायू म्हणजे हा सव्वा ग्रॅम. तीनशेआठ कॅलिबरच्या रायफलीत गोळी अकरा ग्रॅमची आणि दारू जवळजवळ तीन. तिथे पळवायला वायू तरी आहे! शिवाय तिच्यात दाबाची मर्यादा 62,000 पीएसआय, आपल्या बारा बोअरला साडेअकरा हजार. आणि आपल्या नळीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्यातला उरतो चिमूटभर." म्हणजे निकाल जेवणाच्या टेबलावरच लागला होता. पण प्रयोगाशिवाय निकाल मानायचा तर आयुष्यभर नोकरी कशाला केली?

मग रेंजवर मांडामांड सुरू झाली. नळीच्या तोंडामागे इंचाइंचावर काळ्या रेघा मारलेला पांढरा फळा. समोर तिपाईवर फोन, सेकंदाला 240 चित्रं टिपणारा. एकाच लॉटची काडतुसं. खुर्चीवर काकी, कानांवर मोठाले लाल गोळे, मांडीवर वही. वहीत 'बार', 'ब्रेक', 'उसळी' आणि शेवटी 'शेरा' असे रकाने. शेऱ्याच्या रकान्यात काकीच्या अक्षरात मी वाचलं: 'डोसा करायचा राहिला.'

इथे काकांनी जे केलं त्याला मात्र मी मनापासून मानतो. ब्रेक बसवला की नळीच्या टोकाला वजनही वाढतं, आणि नुसत्या वजनानेही उसळी कमी होते. मग श्रेय भोकांचं की लोखंडाचं? काकांनी तेवढ्याच वजनाचं, भोकं नसलेलं नळकांडं लेथवर कातून घेतलं. जाहिरातवाल्यांच्या डोक्यात हे येत नाही, किंवा येतं आणि ते गप्प बसतात. बिनभोकाच्या त्या ठोंब्याने खऱ्या ब्रेकच्या कर्तबगारीतला भलताच मोठा वाटा खाऊन टाकला. काका इतके खूश झाले की वाटावं ठोंब्या त्यांचा धाकटा मुलगा आहे.

पुढची अडचण होती खुद्द काका. महागाचा ब्रेक लावला की माणूस नकळत बंदूक घट्ट धरतो. म्हणून ठरलं, काकी पाठ फिरवून काय बसवायचं ते बसवेल, काकांनी बघायचं नाही. पण ब्रेकचा आवाज बाजूला असा फुटतो की आंधळ्यालाही कळावं. कानांत बोळे, वर गोळे, तरी वारा गालावर थप्पड मारायचाच. मग माणूसच वगळायचा म्हणून बिजागरीचा लाकडी स्टँड आला. स्टँडने आकडे सुरेख दिले, पण त्याला खांदा नाही, मान नाही आणि बायको वही धरून बघते आहे याचं दडपण नाही. ते आकडे माणसाला लावायचे कसे, यावर काका अजून विचार करताहेत.

दरम्यान आजूबाजूचे नेमबाज ब्रेकच्या आवाजाला कंटाळून दोन-दोन जागा सोडून बसू लागले. काकांना वाटतं, प्रयोगाला मोकळी जागा मिळावी म्हणून लोक समजूतदारपणा दाखवतात.

शेवटी मला राहवलं नाही. "काका, तुम्ही खेळता ते ट्रॅप, उडत्या थाळ्या फोडायचा खेळ. एका थाळीला एकच बार. छर्रे बाहेर पडल्यावर नळी वर गेली काय आणि खाली गेली काय, फरक काय पडतो? दुसरा बार लगेच काढायचा असेल त्याने काळजी करावी."

"ते मला ठाऊक नाही असं वाटलं तुला? छर्रे सुटेपर्यंत नळी फारशी हललेलीही नसते."

"मग?"

"मग काय? उसळी आहे की नाही? आहे ना? मग मोजायला नको?"

तेवढ्यात हॅटवाला रेंजमास्तर आला. ट्रॅपच्या मैदानावर चौघे जमले होते, पाचवा हवा होता. थाळ्यांचे पैसेही नकोत म्हणाला. काकीने आशेने वही मिटली.

काकांनी खोक्यात डोकावून उरलेली काडतुसं मोजली आणि मान हलवली. "सांग त्याला, आज जमणार नाही. एका लॉटची एवढीच राहिलीत. थाळ्यांवर वाया कोण घालवणार?"