ग्राउंड क्लिअरन्स

"मामा, तुझी रायडिंग स्टाइल काय?" पुण्याच्या भाच्याने फोनवर विचारलं. मी जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेला माणूस. लष्कराचे शक्तिमान ट्रक जिथे बनले तिथे नोकरी काढलेल्याला चाकांबद्दल प्रश्न विचारायचे नसतात, त्याच्याकडून उत्तरं घ्यायची असतात. "स्टाइलचं नंतर बघू," मी म्हणालो. "डॉक्टरांनी हालचाल वाढवायला सांगितलंय. लांब स्केटबोर्ड, तो लाँगबोर्ड, कुठला घेऊ ते बोल."

पण पोरगं हटेना. निवांत फिरायचं तर क्रूझर, वळणं घेत डोलायचं तर टोकदार शेपटीचा पिनटेल, लांब अंतर कापायचं तर जमिनीलगतचा ड्रॉप-थ्रू, उतारावर सुसाट जायचं तर अजिबात न लवणारा ताठ डेक, म्हणजे उभं राहायची फळी, आणि बोर्डावर पावलं टाकत नाचायचं असेल तर चांगला पंचेचाळीस इंची लवचिक डान्सर.

"नाचणार कोण?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला. फोन स्पीकरवर होता.

मग पुढचा पाय कुठला, हे ठरवायचं निघालं. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. ओळखायची रीत अशी की बेसावध माणसाला मागून ढकलायचं आणि तोल सावरायला कुठला पाय पुढे पडतो ते बघायचं. हिने हे काम इतक्या तत्परतेने अंगावर घेतलं की संसारातला बराच हिशेब त्यात चुकता झाला असावा. पहिल्या धक्क्याला माझे दोन्ही हात पुढे गेले. "नीट कळलं नाही," असं म्हणून तिने प्रयोग पुन्हा केला. मी गूफी निघालो.

बोर्ड मात्र मी माझ्या अकलेने निवडला. ड्रॉप-थ्रूमध्ये ट्रकची, म्हणजे चाकांचा दांडा धरणाऱ्या भागाची, बैठक डेकला पाडलेल्या खाचेतून आरपार बसवतात, त्यामुळे डेक खाली येतो. खाली म्हणजे स्थिर, शिवाय जमिनीला पाय मारताना गुडघा फार वाकवावा लागत नाही. नवशिक्याने तोच घ्यावा, असं भाच्याने बजावलं होतं. पण आमच्या शाळेत गाडीचा पहिला गुण ग्राउंड क्लिअरन्स. जबलपूरच्या रस्त्यावर जमिनीला चिकटून चालणारं वाहन? मी डेकखाली ट्रक बसवलेला चांगला उंच पिनटेल मागवला.

चाकांचंही तेच. त्यांचा कडकपणा 'ए' मापात मोजतात. लाँगबोर्डला 78ए च्या आसपासची मऊ, मोठी चाकं लावतात. उड्या मारणाऱ्या छोट्या बोर्डांना 99ए ची कडक. मऊ चाक? फौजी माणसाला? मी बोर्डावरची मऊ चाकं काढून 99ए ची घातली. 1970 च्या दशकात अमेरिकेत फ्रँक नॅसवर्दी याने स्केटबोर्डसाठी युरेथेनची चाकं आणली, तोवर चिकणमातीची कडक चाकं बारीकशा खड्याला अडकून लोकांना तोंडावर पाडत. ही अर्ध्या शतकाची प्रगती मी एका ऑर्डरीत जवळपास रद्द केली. बुशिंग, म्हणजे ट्रकमधल्या लवचिक चकत्या, तेवढे कडक घेतले ते बरोबर ठरले, पण त्याचं श्रेय खोव्याच्या जलेबीला. वजन जास्त असलं की कडकच लागतात.

शिकायला कुठे जावं? आमच्याच राज्यात, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी 2015 साली स्केटपार्क सुरू केला. तिथली आशा गोंड 2018 मध्ये चीनमधल्या नानजिंगला जागतिक स्पर्धेत उतरली. पण तिथले दोन नियम: मुली आधी, आणि शाळा नाही तर स्केटिंग नाही. दोन्ही कलमांखाली मी बाद.

म्हणून पहाटे कॅन्टोन्मेंटचा रिज रोड गाठला. सौम्य उतार, मॉर्निंग वॉकवाले, धावणारे जवान. बोर्ड सुटला आणि खरं सांगतो, काही क्षण मी फार देखणा दिसत असणार. मग चाकाखाली गिट्टीचा एक खडा आला. बोर्ड जागच्या जागी थांबला. मला तशी काही सूचना नव्हती. "बड्डे, लगी तो नहीं?" पळणारं एक पोरगं थांबलं. बोर्ड उलटापालटा करून त्याने विचारलं, "इसमें ब्रेक किधर है?" हा प्रश्न मी विकत घेण्याआधी विचारायला हवा होता. ब्रेक म्हणजे आपलाच पाय, आणि तो जमिनीवर घासत नेताना दुसऱ्या पायावर उभं राहता आलं पाहिजे.

कोपरावर खपली धरली तशी मी माघार घेतली आणि 75 मिलिमीटरची मऊ चाकं लावली. खड्यांवरून बोर्ड लोण्यासारखा गेला. वळणावर मी झोकात झुकलो, आणि मोठं चाक वर डेकला टेकून जाम झालं.

"व्हीलबाइट," भाचा फोनवर म्हणाला. "मध्ये रायझर घातलास ना?"

"तो काय असतो?"

"पॅड. चाक आणि डेक यांच्यात जागा राहावी म्हणून. क्लिअरन्स, मामा."

जमिनीपासूनचा क्लिअरन्स मी मोजून घेतला होता. चाकापासूनचाही असतो, हे मला नवीन होतं.

आता रायझर आहेत, हेल्मेट आणि गुडघ्याची पॅडही. पडण्याचं प्रमाण हिच्या मते सुधारलंय. शिवाय रिज रोडवर माझा तज्ज्ञ म्हणून बोलबाला झालाय, नातवंडांसाठी बोर्ड घेणारे मला थांबवून विचारतात. परवा एका निवृत्त कर्नलसाहेबांना मी ठणकावून सांगितलं, "ड्रॉप-थ्रू घ्या, चाकं मऊ घ्या, आणि ग्राउंड क्लिअरन्सकडे तर ढुंकूनही बघू नका."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आप व्हेइकल फॅक्टरी में थे ना?"