दोन टोकांना नाचणी, मध्ये केशरीबात

बंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या ज्या घरात रांगणारं बाळ आणि तोंडाचं बोळकं झालेले आजोबा असे दोघेही असतात, तिथे सकाळी नाचणी दोनदा शिजते. बाळासाठी पातळ खीर होते, तिला इथे रागी सरी म्हणतात, आणि आजोबांसाठी ताकातली आंबील. दोघांनाही दात नाहीत, दोघेही तोंड वेडंवाकडं करतात, आणि किती घास पोटात गेले याचा हिशेब अख्खं घर ठेवतं. या दोघांच्या मधला कमावता माणूस मात्र दर्शिनी नावाच्या झटपट उपाहारगृहातल्या उंच टेबलापाशी उभा राहून चौचौ बात खातो. एका बशीत दोन मुदी असतात, एक खाराबाताची म्हणजे उपम्याची, दुसरी केशरीबाताची म्हणजे तूप सुटलेल्या शिऱ्याची. 'बात' ऐकून मराठी माणसाला भाताची आशा वाटते, पण दोन्हीकडे रवाच. तिखटाला गोड आणि गोडाला तिखट एवढं समतोल जेवण अजून कुठलं, असं तो मनापासून मानतो. माझी तक्रार रव्याविरुद्ध नाही. पोषण ही लहानग्यांची आणि म्हाताऱ्यांची भानगड आहे, मधल्या पन्नास वर्षांत पोट भरलं की झालं, ही जी समजूत त्या बशीखाली दडलेली आहे, तिच्याविरुद्ध आहे.

कारण शरीराचं वेळापत्रक नेमकं उलटं आहे. हाडं साधारण तिशीपर्यंत भरतात, पुढे जमलेलं टिकवायचं एवढंच हातात राहतं. स्नायू तर चाळिशीपासून गुपचूप झिजू लागतात. लोणचं घालायचं ते कैरीच्या दिवसांत. श्रावणात बरणी धुऊन बसलं तर बरणी तेवढी स्वच्छ होते. आजोबांची आंबील ही बरीचशी श्रावणातली बरणी आहे. ती द्यावीच, पण त्यांच्या पस्तिशीत ती कोणी दिली असती तर जास्त कामाला आली असती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जी 17 आहारसूत्रं दिली, त्यांत 2000 कॅलरींचं दिवसाचं ताट असं मांडलं आहे: धान्य 250 ग्रॅम, डाळी 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम, शिवाय दूध, फळं आणि थोडे दाणे. म्हणजे भाजीचं वजन धान्याहून जास्त. चौचौ बाताच्या बशीत भाजी शोधायला गेलं तर चार मटार आणि गाजराचे दोन तुकडे सापडतात, तेही खाराबातातच. केशरीबाताच्या बाजूला जे केशरी दिसतं ते गाजर नव्हे.

या संस्थेचं मूळ 1918 साली रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी कुन्नूरला सुरू केलेल्या कामात आहे. त्यांनी पुढे उंदरांच्या टोळ्या करून प्रत्येक टोळीला भारतातल्या एकेका समाजाचं जेवण घातलं. वजनात शीख उंदीर पहिले आले, पठाण दुसरे, मराठी तिसरे. कानडी पाचवे आणि मद्रासी शेवटचे. हे वाचून इथल्या मराठी मंडळींनी लगेच नारळ-शाल आणायला जाऊ नये. उंदीर सगळे एकाच वाणाचे होते, फरक होता ताटात. वर अख्ख्या गव्हाची पोळी, दूध, लोणी, डाळ, भाजी. तळाशी पॉलिश केलेला तांदूळ आणि नावापुरतं दूध. म्हणजे मराठीपणाने वजन वाढत नाही आणि कानडीपणाने घटत नाही. मराठी माणूस बनशंकरीत येऊन रव्याच्या दोन मुदींवर राहिला, तर तिसरा क्रमांक काही त्याच्यामागून रेल्वेने येत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, 'आमचे पणजोबा तूप ओरपून नव्वद जगले.' जगले असतील, पण जे साठीत गेले ते साक्षीला येऊ शकत नाहीत, ही या पुराव्यातली अडचण आहे. शिवाय पणजोबा तुपाइतकंच चालतही होते. आपण त्यांच्याकडून तूप तेवढं घेतलं. दुसरा आक्षेप नाचणीभक्तांचा: 'मग सगळ्यांनी रागीच खावी.' शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गाईच्या दुधाच्या तिप्पट, हे खरं. पण ते सगळं अंगी लागत नाही, आणि डाळ-भाजीवाचून गिळलेला मुठीएवढा रागीचा मुद्दा, म्हणजे उकडीचा उंडा, हाही पिठाचाच गोळा असतो. तिसरा आक्षेप वेळेचा, आणि तो मला सर्वांत मान्य आहे. म्हणूनच उत्तर म्हणून मी कोसंबरी सुचवतो. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओलं खोबरं, लिंबू. ना शिजवणं, ना आंबवणं. आपल्या कोशिंबिरीची ही बहीण इथल्या प्रत्येक लग्नात केळीच्या पानाच्या कोपऱ्यात चमचाभर वाढतात. तिला कोपऱ्यातून मध्यावर आणायला आहारतज्ज्ञ लागत नाही.

ज्या देवीच्या नावाने हा भाग ओळखला जातो तिचंही मत फारसं वेगळं नसावं. बनशंकरी म्हणजे शाकंभरी, कित्येक मराठी घरांची कुलदेवता. दुष्काळात तिने लोकांना जगवलं ते भाज्यांवर, आणि बदामीच्या तिच्या मूळ ठाण्यात पौषातल्या उत्सवात 108 भाज्यांचा नैवेद्य असतो. त्या कथेत वयाची अट कुठेच नाही. कनकपुरा रस्त्यावरच्या 1915 सालच्या देवळात मात्र राहुकाळी लिंबाचे दिवे लावतात. अर्धं लिंबू घ्यायचं, रस पिळून टाकायचा, साल उलटी करायची, तिच्यात तूप भरून वात पेटवायची. देवीपुढे हे शोभून दिसतं. पण मधली पन्नास वर्षं आपण स्वतःचंही हेच करतो, सत्त्व पिळून काढतो आणि तूप भरतो. देवीला दिवा हवा असतो, रस नव्हे. रस वाटीत धरून घरी न्यावा आणि कोसंबरीवर घालावा. मुगातलं लोह अंगी लागायला लिंबाची मदत होते, आणि राहुकाळात घेतलेल्या रसाने ती कमी होते असं अजून कोणी म्हटलेलं नाही.