नवशिक्यांसाठी क्लस्टर, मुक्काम कडोदरा

कडोदरा चार रस्त्यावर उभं राहून ‘कंटेनर कुठं मिळेल?’ असं विचारलंत तर चहावाला नुसता हात लांब करील. मुंबई-अहमदाबादचा ४८ नंबरचा हमरस्ता आणि सुरत-बारडोली रस्ता इथं एकमेकांना छेदतात, आणि वीस नि चाळीस फुटी पेट्यांचे ट्रेलर दिवसभर हॉर्न वाजवत असतात. आपल्याला हवा तो कंटेनर हा नव्हे. पण नातं आहे. २६ एप्रिल १९५६ला ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज ५८ पेट्या घेऊन अमेरिकेतल्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघालं. पुढं जगभर पेट्यांची मापं ठरली आणि आत साड्या आहेत की स्क्रू, हे ड्रायव्हरला माहीत असण्याचं कारण उरलं नाही. २०१३ साली डॉकरवाल्यांनी हीच युक्ती सॉफ्टवेअरला लावली. पेटीत जावा असो की पायथन, लॅपटॉपनं फक्त वाहायचं.

आता कामाला लागू. आपल्याला एका लॅपटॉपवर हडूप (डेटा अनेक यंत्रांवर साठवणारं) आणि स्पार्क (त्या डेटावर हिशेब करणारं) यांचं क्लस्टर उभारायचं आहे, म्हणजे एका यंत्राला ‘आपण पाच-सहा यंत्रं आहोत’ असं पटवायचं आहे.

पायरी पहिली, खोली बघणे. कडोदऱ्यात लूम-कारागिरांच्या खोल्या पाहिल्या असतील तर हे लगेच कळेल. खाटा चार, माणसं आठ. दिवसपाळीचे चौघं कारखान्यात, तेव्हा रातपाळीचे चौघं खाटांवर. सगळे एकदम झोपायला आले की भांडण. तुमच्या लॅपटॉपची रॅम आठ जीबी. त्यात विंडोज असेल तर डॉकर ज्या लिनक्सवर चालतं, त्याच्या वाट्याला मुळातच निम्मी, म्हणजे चार. स्पार्कचा वर्कर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा कंटेनर, मात्र असा दांडगा, की त्याला कोणी काही सांगितलं नाही तर दिसेल तेवढ्या मेमरीतला एक जीबी सोडून बाकी सगळी आपलीच धरतो. असे तीन वर्कर लावलेत की प्रत्येक जण तीन जीबीवर हक्क सांगणार. खाटा चार जीबीच्या, दावेदार नऊ जीबीचे. मग लिनक्स एकाला उचलून बाहेर फेकतं आणि पडद्यावर १३७ हा आकडा उरतो. हा आकडा दिसला की दोष नेटला देऊ नका, बहुधा मेमरी संपली आहे. प्रत्येक वर्करला एक जीबी लिहून द्या आणि ब्राउझरमधले वीस टॅब बंद करा.

पायरी दुसरी, इमेज (कंटेनरचा साचा) उतरवणे. मोबाइलचा रोजचा दीड जीबी यात संपतो. इमेजच्या नावापुढं ‘लेटेस्ट’ लिहू नका, व्हर्जनचा आकडा लिहा. बस.

पायरी तिसरी, ‘गाव कोणतं?’ इथं नवशिक्यांचे दोन-दोन दिवस जातात, म्हणून जरा थांबतो. कडोदऱ्यात वीस वर्षं काढलेल्या खानदेशी माणसाला गाव विचारा. तो कडोदरा म्हणणार नाही, अमळनेर म्हणेल. कंटेनरही तसाच. लॅपटॉपवर ‘लोकलहोस्ट’ म्हणजे लॅपटॉप. वर्करच्या कंटेनरमध्ये बसून तोच शब्द उच्चारलात, तर त्याचा अर्थ तो कंटेनर स्वतः. वर्करला ‘मास्टर लोकलहोस्टवर आहे’ असं सांगितलं की बिचारा आपल्याच घरात मास्टर शोधत बसतो. त्याला मास्टरचं नावच द्यायला हवं. कंपोज फाइलमध्ये (कंटेनरांच्या यादीत) सर्व्हिसचं जे नाव लिहिलं असेल ते आणि पुढं ७०७७ हा पोर्ट. कंपोज सगळ्या सर्व्हिसना एकाच नेटवर्कवर बसवतं, तिथं नावानं हाक मारता येते. त्याच फाइलमधल्या पोर्टच्या जोडीत डावा आकडा लॅपटॉपचा, उजवा कंटेनरचा. नवापूर स्टेशनवरचं ते बाकडं आठवा, अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकडं एकच, पण कुठल्या बाजूला बसलात त्यावर राज्य ठरतं.

जाता जाता एक. लूमच्या कारखान्यातला मास्टर स्वतः कापड विणत नाही, यंत्रं चालू आहेत ना एवढं बघतो. स्पार्कचा मास्टरही वर्कर नेमून देऊन मोकळा. काही नावं योग्य पडतात.

पायरी चौथी, नेमनोड (हडूपच्या एचडीएफएस या साठ्याची वही सांभाळणारा) फॉरमॅट करणे. एकदाच. हे ‘एकदाच’ मी वाचलं नव्हतं. फॉरमॅटची आज्ञा मी कंटेनर सुरू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवली. एका संध्याकाळी लाइट गेली, आली, मी सगळं पुन्हा सुरू केलं. नेमनोड नवा क्लस्टर आयडी घेऊन उठला. डेटा ठेवणाऱ्या डेटानोडच्या व्हॉल्यूममध्ये जुनाच आयडी. रातोरात शेठ बदलला आणि सकाळी कारागीर म्हणाले, आम्ही या माणसाला ओळखत नाही. डेटा डिस्कवर होता, पण कुठला तुकडा कुठल्या फाइलचा ही वही नेमनोडकडे असते, आणि ती मी स्वतः पुसली होती. आता आधी फोल्डर रिकामं आहे का ते बघतो, मगच फॉरमॅट.

आता माल. ट्यूटोरियलमध्ये इंग्रजी पुस्तकातले शब्द मोजायला लावतात. ते सोडा. हिशेब लिहिणाऱ्या एका ओळखीच्या मेहताजींनी चलनांची फाइल दिली होती. पार्टी, क्वालिटी (कापडाचा प्रकार), ताका (थान) नंबर, गेलेले मीटर, आलेले मीटर. ग्रे कापड प्रोसेसला गेलं की परत येताना आकसतं, त्याला शॉर्टेज म्हणतात, आणि त्यावरून सुरतेत रोज फोन होतात. प्रश्न साधा, कुठल्या क्वालिटीत किती शॉर्टेज? वेटलेसमध्ये किती, जॉर्जेटमध्ये किती? प्रत्येक वर्कर आपल्या वाट्याच्या ओळी वाचून क्वालिटी नि शॉर्टेज वेगळं काढतो, हा मॅप. मग वेटलेसचं सगळं एका जागी, जॉर्जेटचं दुसऱ्या जागी न्यायचं, हा शफल. शेवटी बेरीज, ती रिड्यूस. गूगलच्या जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांनी २००४ साली हे मांडलं. हडूप २००६चं, त्याला नाव मिळालं त्याच्या जनकांपैकी डग कटिंगच्या मुलाच्या खेळण्यातल्या हत्तीचं. स्पार्क २००९ साली बर्कलेत सुरू झालं. यात महाग पडतो तो शफल. मॅप म्हणजे कारखान्यात बसून काम, शफल म्हणजे सगळ्यांचे टेम्पो एकाच वेळी चार रस्त्यावर.

आमच्या फाइलीत क्वालिटी चौदा. स्पार्कनं शफलसाठी डबे मांडले २००, कारण त्याचं ठरलेलं माप तेवढं आहे. म्हणजे किमान १८६ रिकामे. ३.२ व्हर्जनपासून स्पार्क हे डबे आपणहून कमी करतो, माझं व्हर्जन जुनं होतं.

आणि फाइल होती ११ एमबीची. एचडीएफएसचा एक ब्लॉक १२८ एमबीचा. दहावा हिस्साही भरला नाही. शिवाय एचडीएफएसनं सुरक्षिततेसाठी तीन डेटानोडवर तिच्या तीन प्रती ठेवल्या, तिन्ही त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर. घराच्या तीन चाव्या करून तिन्ही एकाच खिशात. तो खिसा कापला गेला की झालं.

तर मग हा खटाटोप कशाला? एका कारणासाठी. काम चालू असताना दुसऱ्या खिडकीतून एका वर्करला ‘डॉकर स्टॉप’ द्या आणि बघत राहा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, कारागीर गावी गेला की त्याचे लूम शेजारचा सांभाळतो. स्पार्कही गेलेल्याच्या वाट्याचं काम उरलेल्यांकडून पुन्हा करून घेतो, आणि उत्तर तेच येतं. हे पुस्तकात वाचून समजत नाही. खऱ्या पंचवीस यंत्रांचं क्लस्टर तुमच्या हाती कोणी देणार नाही, दिलं तर तिथं वर्कर बंद पाडून बघू देणार नाही. शिकायला चार जीबीतलं खोटं क्लस्टर उत्तम. मेहताजींच्या ११ एमबीला मात्र एक्सेलचं पिव्होट पुरतं, क्लस्टर लावणं हा शुद्ध हौसेचा मामला आहे.

झोपण्यापूर्वी बंद करा, नाहीतर पंखा रात्रभर घरघरत राहील. ‘डॉकर कंपोज डाउन’ एवढंच लिहा. पुढं ‘व्ही’ लावू नका, त्यानं व्हॉल्यूमही जातात.