रेंजबाहेरचा हिरो

पटकथेच्या कार्यशाळेला मी दिवाळी अंकांतल्या माझ्या कथांची कात्रणं घेऊन गेलो होतो. सरांनी ती उघडलीसुद्धा नाहीत. माझ्या पहिल्याच सीनमधल्या ‘त्याच्या मनात विचारांचं काहूर माजलं’ या वाक्याखाली रेघ मारून म्हणाले, ‘‘कॅमेरा कुठे लावू?’’

‘‘चेहऱ्यावर.’’

‘‘चेहरा काय करतोय?’’

चेहरा काहीच करत नव्हता. नुसता साहित्यिक दिसत होता.

एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, हा हिशेब कळल्यावर तर घामच फुटला. पटकथालेखन शिकवणाऱ्या सिड फील्डचं पुस्तक 1979 पासून बजावतंय, की पंचविसेक पानांत नायकाच्या आयुष्याला कलाटणी मिळालीच पाहिजे. माझ्या नायकाची तोवर आंघोळसुद्धा झाली नव्हती.

मग सरांनी ‘शोले’तलं नाणं काढलं. जय ते सारखं उडवतो, आपण गंमत म्हणून बघतो. तो मेल्यावर कळतं, नाण्याच्या दोन्ही बाजू सारख्याच! 1975 पासून लोक तिथे डोळे पुसतात, कारण सलीम-जावेदनी ते आधीच पेरून ठेवलंय. आधी पेरा, मग उगवेल. आणि हो, नायकात एखादी उणीव हवीच. (लेखकात असून चालत नाही.)

माझी गोष्ट गैरसमजाची. तिचं पत्र त्याला मिळत नाही, इंटरव्हल. बायकोला अगदी पार्श्वसंगीतासकट ऐकवली. मेथी निवडता निवडता तिने विचारलं, ‘‘मग तो फोन का नाही करत?’’

अख्खा उत्तरार्ध मेथीच्या देठांबरोबर कचऱ्यात गेला.

मी हरलो नाही. कथा उचलून थेट 1988 सालात नेऊन ठेवली आणि एका निर्मात्याला नरेशन दिलं. प्रेमप्रसंग चालू असताना तो बोटं मोजत होता. मला वाटलं, गल्ला मोजतोय. ‘‘जुन्या एसट्या आणायच्या, दुकानांच्या पाट्या बदलायच्या, मोबाइलचे टॉवर पुसायचे... लेखकसाहेब, तुमचा एक फोन वाचवायला माझा फ्लॅट विकावा लागेल. बिनरेंजचं गाव घ्या की!’’

घेतलं. तर वहिनी म्हणाली, ‘‘भावोजी, आमच्या गावात पाण्याच्या टाकीवर चढलं की चार कांड्या येतात.’’

त्यामुळे सध्या माझ्या नायकाला उंचीची भीती आहे. पेरणी पान 3 वरच केली आहे. घरातला बल्ब गेला, की तो खाली उभा राहून स्टूल धरतो आणि वर त्याची आई चढते.