बाजारात तुरी, नेत्रावतीत मारामारी

एर्नाकुलम स्टेशनाबाहेर पाचशेची नोट मोडली आणि नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये आम्ही पंचवीस कोटींचे धनी होऊन चढलो. ओणम बंपरचं पहिलं बक्षीस तेवढंच असतं. केरळात लॉटरी हा लपूनछपून करायचा उद्योग नाही. सरकारच ती १९६७ पासून चालवतं. तिकीटवाल्या म्हाताऱ्याने पाटीवर तिकिटं ओळीने चिमट्यांत लावली होती. हिने प्रत्येकाच्या नंबराची बेरीज करून नऊ येणारं निवडलं, आणि मग सरकारने किंमत छापलेल्या त्या कागदावर, पुण्याची परंपरा राखत, "दोन घेतली तर कितीला?" असं विचारलं. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हतं, हे त्याचं भाग्य.

लॉटरी आपल्यालाच का लागणार, याला माझ्याकडे शास्त्रीय आधार होता. २०२३ चं बंपर तामिळनाडूतल्या चौघांना लागलं, २०२४ चं कर्नाटकातल्या मेकॅनिकला. म्हणजे बक्षीस उत्तरेकडे सरकतंय! आता नंबर महाराष्ट्राचा. मध्ये बेळगाव लागतं ते कोणाच्या खात्यात धरायचं, यावर डब्यात थोडा वाद झाला.

समोरच्या बर्थवर डोंबिवलीत जन्म काढलेले एक मलयाळी काका होते. पळम्पोरीचा तुकडा मोडत ते शांतपणे म्हणाले, "पंचवीस कुठले? एजंटचे दहा टक्के गेले, राहिले साडेबावीस. त्यावर तीस टक्के टॅक्स. पावणेसोळा. मग अधिभार, सेस. हातात तेरा धरा." शोरनूर यायच्या आत आमचे बारा कोटी बुडाले. हिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू ते मीच कुठे उधळले.

उरलेल्या तेरा कोटींतून पहिली खरेदी काय ठरली असेल? मिक्सर. जुन्याचं चटणीचं भांडं गळतं. मी गणपतीपुळ्याला समुद्रासमोर घर म्हटलं, तर "खाऱ्या हवेने ग्रिल गंजतात" म्हणून ते जागच्या जागी पाडण्यात आलं. युरोप? "आधी बाथरूमच्या फरश्या." पैसा आला तरी माणसाची यादी काही बदलत नाही, फक्त ती मोठ्या आवाजात वाचली जाते.

रात्री काकांनी एक किस्सा सांगितला. २०२२ चं बंपर एका रिक्षावाल्याला लागलं आणि मदत मागणाऱ्यांची दारात अशी रीघ लागली की बिचाऱ्याला राहतं घर सोडून लपावं लागलं. त्यावर आम्ही तातडीने ठराव केला: कोणाला सांगायचं नाही. विशेषतः माझ्या भावाला. "आणि तुझ्या?" मी विचारलं. उडुपी ते मडगाव आमच्यात अबोला होता. तसेही सगळे झोपलेच होते.

कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक म्हणजे श्रीमंतीचे हाल. गाडी बेताबेताने चालते, त्यामुळे वाटण्या करायला वेळच वेळ. रत्नागिरीला माझ्या बहिणीसाठी दहा लाख मंजूर झाले. पुढे साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा. गाडी आत शिरताना दहा होते, बाहेर आली तेव्हा पाच. अंधारात काय झालं ते मला आजवर कळलेलं नाही. चिपळूणला मी चिडून चौदा रुपयांच्या वस्तूला वीस घेणाऱ्या फेरीवाल्याशी भांडलो आणि सहा रुपये परत मिळवले. तेरा कोटींत ते धरलेले नाहीत.

पनवेलला उतरायच्या तयारीत होतो, तेवढ्यात काकांनी पिशवीतून पावतीपुस्तक काढलं. ते त्यांच्या सोसायटीच्या गणपतीचे खजिनदार निघाले. गावाकडच्या नातेवाइकांनाही त्यांनी सोडलं नव्हतं.

"तुम्ही तर आता कोट्यधीश," ते म्हणाले. "किती लिहू?"

मी छाती काढून एकशे एक सांगितले. प्लॅटफॉर्मवर बॅगा मोजता मोजता ही म्हणाली, "एक्कावन्न चालले असते."