गृहसंगणकाचे हेरांपासून रक्षण : कुटुंबप्रमुखांस सूचना

संगणकावर प्रथम क्रोशाचे आच्छादन घालावे. त्याने धूळ थांबते. हेर थांबत नाहीत, पण घरात काहीतरी उपाययोजना झाली, एवढे समाधान मिळते.

कोणी परदेशी बुद्धिमान तरुण रात्र रात्र जागून आपल्या खात्यातल्या शिलकीसाठी कुलूप फोडतो आहे, ही समजूत अहंकाराला सुखावणारी असली तरी सोडून द्यावी. हेराला आपणच दार उघडतो, पाट मांडतो आणि आग्रहाने बसवतो. उदाहरणार्थ, मुंजीच्या पत्रिकेसाठी एखादा वळणदार फॉन्ट हवा असतो. 'फ्री डाउनलोड' लिहिलेली चार-पाच हिरवी बटणे समोर येतात. त्यांतले सर्वांत मोठे दाबायचे नसते. खरे बटण बहुधा कोपऱ्यात, करड्या अक्षरांत, लाजून उभे असते. मग नेक्स्ट, नेक्स्ट, आय अ‍ॅग्री, नेक्स्ट, फिनिश. फॉन्ट आला की नाही ते कळायच्या आत ब्राउझरला नवे टूलबार आणि नवे सर्च इंजिन लाभलेले असते. म्हणून 'रेकमेंडेड' दिसले की शिफारस कोणी कोणासाठी केली आहे, हा प्रश्न विचारावा. 'कस्टम' निवडावे आणि आधीच खुणा करून ठेवलेल्या चौकटी एकेक करून रिकाम्या कराव्यात. वेळ लागतो. पत्रिकेचा मजकूर ठरवायला लागतो त्याहून कमीच.

गोड बोलणाऱ्यापासून विशेष सावध असावे. 2000 सालाच्या आसपास बोन्झी बडी नावाचा जांभळा गोरिला पडद्यावर येई, गाणी म्हणे, विनोद सांगे. मुलांना तो फार आवडे. पालकांना न विचारता मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल त्याच्या कंपनीला अमेरिकेत 2004 साली दंड झाला. विनोदांबद्दल मात्र झाला नाही.

आता भाच्याकडे वळू. प्रत्येक कुटुंबात 'कॉम्प्युटरमधलं सगळं कळणारा' एक भाचा असतो. तो विंडोज फुकट चालू करून देतो. त्याने पेन ड्राइव्हमधून आणलेल्या अ‍ॅक्टिव्हेटरसोबत अनेकदा सूचना असते : 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' ही एक ओळ नीट वाचणाऱ्याला या लेखाची गरज नाही. भाचा ती नीट वाचतो आणि अँटिव्हायरस बंद करतो. भाच्याला चहा द्यावा, पोहे द्यावेत, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊ नये.

तो पासवर्ड खरे तर कोणालाच देऊ नये. आजोबांना तो मानाने दिलेला असतो, दहावीतल्या चिरंजीवांना हट्टाने. रोजच्या कामाला सर्वांनी, कुटुंबप्रमुखानेसुद्धा, साधे स्टँडर्ड खाते वापरावे, म्हणजे नवे काही घुसू लागले की संगणक आधी पासवर्ड मागतो. सोसायटीचे चेअरमन असलेल्यांना ही पदावनती जड जाते, असा अनुभव आहे.

फाइलचे आडनाव पाहिल्याशिवाय ती उघडू नये. विंडोज ते मुळात झाकून ठेवते. सेटिंगमध्ये जाऊन उघडे करावे. 'बायोडेटा.पीडीएफ' या स्थळाचे पूर्ण नाव 'बायोडेटा.पीडीएफ.ईएक्सई' निघाले, तर पत्रिका पाहण्यात अर्थ नाही. मे 2000 मध्ये जगभरच्या पगारदार माणसांनी कचेरीच्या ईमेलवर आलेले प्रेमपत्र याच झाकपाकीमुळे उघडले. ते पत्र पुढे पासवर्ड चोरणारा सोबतीही बोलावू पाही. आपल्याला प्रेमपत्र कोण आणि का लिहील, एवढा विचार केला असता तरी पुष्कळ जण वाचले असते.

'तुमच्या संगणकात 318 हेर सापडले, ताबडतोब फोन करा' अशी लाल खिडकी उघडून भोंगा वाजू लागला, तर 319वा तोच. फोन करू नये, ब्राउझर बंद करावा. सफाईची साधने हवीच असतील, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इनचे सायबर स्वच्छता केंद्र 2017 पासून ती फुकट देते. फुकट आणि वर सरकारी, त्यामुळे तिकडे कोणी फिरकत नाही.

इतके करूनही हेर सापडलाच, तर त्याला हाकलून मग सगळे पासवर्ड बदलावेत. मात्र ते त्याच संगणकावर बदलू नयेत. कळफलकाचा प्रत्येक ठोका टिपणारा अजून आत दडलेला असला, तर नवा पासवर्डही त्याला आपणच कळवू. दुसरा संगणक वापरावा. भाच्याचा सोडून.