घडीगुरुजी

घोडेगावात कांद्याच्या लिलावाची पट्टी हातात पडली की जाणता शेतकरी ती आधी बंडीच्या आतल्या खिशात घालतो आणि मग गुरुजींना रामराम करतो. हा क्रम चुकला की पट्टीचा ठोकळा झालाच म्हणून समजा.

झेडपीच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेला असा एक गुरुजी प्रत्येक मोठ्या गावात असतो. कुणाला शुद्धलेखनाचं वेड, कुणाला होमिओपॅथीचं; आमच्या गुरुजींना घड्यांचं. अंगठ्याचं नख त्यांनी त्यासाठीच वाढवलंय. संभाजीनगर रस्त्यावरच्या टपरीवर चहा गार होतो, पण भज्यांखालचा कागद शाबूत राहत नाही.

लग्नसराईत तर त्यांना उधाण येतं. पत्रिका वाचण्याआधीच ती कापून चौरस होते. दोन कडा मधल्या रेघेवर, समोरासमोरचे दोन कोपरे मुडपून आत, की झाला तुकडा. त्याला दोन शेंड्या, दोन खिसे. जपानच्या मित्सुनोबू सोनोबे यांच्या नावाने तो जगभर चालतो. एकाची शेंडी दुसऱ्याच्या खिशात घालत गेलं की सहा तुकड्यांचा घन उभा राहतो, डिंकाचा थेंब न लावता.

"शेंड्या बारा, खिसे बारा, घनाच्या कडाही बारा," गुरुजी घन टेबलावर आपटतात. "हिशेब चुकला असता तर उभा राहिला असता का?"

तीस पत्रिका जमल्या की काटेरी गोळा होतो. "साठ शेंड्या, एका सुळक्याला तीन. मग सुळके किती?" हे गिऱ्हाइकाला विचारतात, आणि "वीस" आल्याशिवाय त्याला उठू देत नाहीत. पत्रिकेतला मुहूर्त मात्र कुठल्यातरी सुळक्याच्या पोटात गेलेला असतो.

नोकरीत असताना एकदा साहेब तपासणीला आले. "कागदाचे खेळ कसले? यात गणित कुठंय?" गुरुजींनी 1893 साली मद्रासेत निघालेल्या टी. सुंदर राव यांच्या पुस्तकाचा दाखला दिला. घड्यांतून भूमिती शिकवणाऱ्या त्या पुस्तकाची जर्मनीच्या फेलिक्स क्लाइनने दखल घेतली होती. साहेबांवर परिणाम शून्य. मग गुरुजींनी सहा तुकडे त्यांच्यापुढे ठेवले. साहेबांचा घन पाचव्या तुकड्यालाच उसवायचा. शेवटी चौथीतल्या एका पोरीने तो लावून दिला, आणि शेरेबुकात 'उपक्रम स्तुत्य' असं पडलं.

पण गुरुजींची खरी कीर्ती झाली ती तीन भावांच्या वाटणीत. "समान तीन भाग? मोजपट्टी कशाला?" म्हणत त्यांनी समोरचाच कागद ओढला, फाडून चौरस केला, खालचा कोपरा वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर नेला. खालची कड तिरकी होऊन डावीकडच्या कडेला जिथे छेदते, तिथून खाली बरोबर एक तृतीयांश उरतो. जपानी संशोधक काझुओ हागा यांचं हे प्रमेय, गणित बिनचूक. फक्त तो कागद सातबारा होता, आणि चौरस करताना फाडलेल्या पट्टीत गट नंबर गेला होता.

भावांचं भांडण मात्र मिटलं. तिघेही मिळून गुरुजींच्या मागे लागले.

तेव्हा घोडेगावला आलात तर गुरुजींना जरूर भेटा. भूमिती अशी शिकवणारा माणूस सहसा मिळत नाही. फक्त रेशनकार्ड आणि डॉक्टरची चिठ्ठी घरी ठेवून या.